ऐंशी हातांवरून दिसणारं बदक

लाकडाचं बदक करायला बसलेला नवखा माणूस हमखास पिसांपासून सुरुवात करतो. पंखावरच्या एकेका पिसाची रेघ ओढतो, डोळ्याभोवतीचं कडं कोरतो, शेपटी कागदासारखी पातळ करतो. पंधरा दिवसांनी ते पाण्यात सोडलं की एका कुशीवर कलंडतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ज्यांनी हा उद्योग पोटासाठी केला, त्यांनी पिसं जवळजवळ काढलीच नाहीत. त्यांचं खरं गिऱ्हाईक म्हणजे शिकाऱ्यासमोर भुलवून उतरवायचं रानबदक, आणि ते वरून, वाऱ्याच्या तोंडाला, मोटारीच्या वेगानं यायचं. बंदुकीचा टप्पा चाळीस यार्डांचा, म्हणजे आपल्या जुन्या मापानं ऐंशी हातांचा. तिथवर येईपर्यंत त्याचं मन ठरलेलं असायचं. तेवढ्या अंतरावरून पीस दिसत नाही. अंगाचा घेर दिसतो, मानेचा बाक दिसतो, पांढऱ्या-काळ्याचे मोठे पट्टे दिसतात आणि पाण्यावर बसण्याची ढब दिसते.

डिकॉय, म्हणजे रानबदकांना भुलवायला पाण्यात सोडलेलं खोटं बदक, एकच गोष्ट सांगतं: इथं निवांत आहे, उतरा. कोरण्यातलं आणि रंगवण्यातलं बाकीचं सगळं कसब हे सांगणं बिघडू नये एवढ्यासाठी असतं. मान ताठ उंच धरलेलं बदक म्हणजे धोक्याची वर्दी, म्हणून जुन्या कारागिरांच्या ताफ्यात बहुतेक बदकांच्या माना आखडलेल्या, हनुवटी छातीकडे झुकलेली, अशा असतात. चमकणारी पाठ म्हणजे काहीतरी गडबड, म्हणून रंग मंद. खऱ्या बदकासारखं तोंड वाऱ्याकडे न करता आडवं तरंगणारं बदक म्हणजे सोंग उघडं पडलं, म्हणून दोरी बांधायची जागा ठरलेली. लोककलेची साधी, ठसठशीत शैली म्हणून आज जिचं कौतुक होतं, ती अशी एकेक कारणानं घडलेली आहे. त्या शैलीत काम करायचं तर आकाराची नक्कल करण्याआधी ही कारणं हाताला माहीत असलेली बरी.

युक्ती जुनी आहे. नेवाडा राज्यात लव्हलॉक नावाची कोरडी गुहा आहे. तिथं १९२४ साली उत्खननात ११ बदकं सापडली. लव्हाळ्याच्या कुळातल्या पाणवनस्पतीच्या कांड्या वळून, आवळून केलेली, त्यांवर रंग आणि खरी पिसं. वय सुमारे २००० वर्षं. ती कॅनव्हासबॅक या रानबदकाच्या जातीची आहेत हे आजही पाहताक्षणी ओळखू येतं, आणि हे गवताच्या मोळीतून साधलंय. डिकॉय हा शब्द मात्र डच भाषेतल्या ‘कोय’ म्हणजे पिंजरा या शब्दावरून आला असं मानतात. हॉलंडात तळ्याला वाकडे, निमुळते होत जाणारे चर काढून त्यांवर जाळी ताणत. पाळीव बदकं आणि एक छोटा कुत्रा मिळून रानबदकांना त्या चरात ओढून नेत. आपल्याकडे पिंजऱ्यातला पाळीव तितर रानात ठेवून त्याच्या सादेवर बाकीच्यांना बोलावण्याची रीत होती, तीही याच जातकुळीची. फसवायला सजातीयाइतका उपयोगी कोणी नाही.

लाकडी बदकाचा खरा सुकाळ झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मेरीलँड राज्यात सस्क्वेहाना नदी चेसापीक उपसागराला मिळते तिथं मैलोन्मैल उथळ पाणी आहे. त्यात वाइल्ड सेलरी नावाचं पाणगवत माजायचं आणि त्याच्या कोंबांवर कॅनव्हासबॅक पोसायची. या बदकाचं शास्त्रीय नावही त्या गवताच्या नावावरून पडलंय. बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कच्या हॉटेलांत तिच्या मांसाला मोठा भाव होता, आणि आगगाडी झाल्यावर माल तिथवर ताजा पोहोचू लागला. शिकारी सिंकबॉक्समध्ये उताणा पडून राहायचा. हे शवपेटीसारखं खोकं, कड पाण्याच्या पातळीला आणि चारी बाजूंना तरंगते फळ्यांचे पंख. ते पंख पाण्यालगत दबून राहावेत म्हणून त्यांवर ओतीव लोखंडाची बदकं ठेवत, आणि भोवती दोनशे, तीनशे, कधी त्याहून जास्त लाकडी बदकं दोरीनं नांगरलेली.

आता हा आकडा कारागिराच्या बाजूनं बघा. एका गिऱ्हाइकाला तीनशे नग पाहिजेत, थंडी सुरू व्हायच्या आत. ते नग पहाटे अंधारात होडीतून पाण्यात फेकले जाणार, संध्याकाळी बधिर बोटांनी मानेला धरून वर ओढले जाणार, दोरी मानेभोवती गुंडाळून एकावर एक रचले जाणार. अशा जिण्यात पातळ शेपटी आठवडाभर टिकत नाही आणि नाजूक चोच दोन दिवस. म्हणून मान जाड, चोच आखूड आणि बोथट, शेपटी वल्ह्याच्या पात्यासारखी जाड. हाव्र-द-ग्रेस गावच्या बदकांची किंचित वर उचललेली, वल्ह्यासारखी शेपटी संग्राहक लांबून ओळखतात.

प्रत्येक किनाऱ्याचं पाणी वेगळं, म्हणून बदकंही वेगळी. मेन राज्याचा समुद्र खवळलेला, तर तिथलं बदक रुंद, चपटं, जड. मान नुसती वर चिकटवलेली नाही, तर अंगात खोबण करून बसवलेली, कारण नाहीतर ती उखडते. न्यू जर्सीच्या बार्निगेट खाडीत माणूस एकटा, छोट्या होडीत, सगळा ताफा बरोबर घेऊन जायचा, म्हणून तिथली बदकं दोन फळ्यांची, आतून पोकळ, हलकी, आणि अंगानं गुळगुळीत गोल. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींची वस्ती आता चांगलीच मोठी आहे. त्यांनी टकरटनच्या बाजूला गेल्यावर हॅरी शोर्ड्सची (१८६१-१९२०) बदकं आवर्जून बघावीत. हा मूळचा घरं रंगवणारा. बदकाच्या तळाला चौकोनी खाच करून त्यात शिसं ओतून सपाट करायचा, म्हणजे खाली काही लोंबत नाही आणि होडीत नीट रचता येतं.

या लोकांचे पोटाचे धंदे बघितले की गंमत वाटते. शोर्ड्स रंगारी. क्रिसफील्डचे लेम आणि स्टीव्ह वॉर्ड हे भाऊ न्हावी. गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्याच दुकानात बदकं. हाव्र-द-ग्रेसचा मॅडिसन मिचेल अंत्यविधीचं काम करायचा. मेनचा गस विल्सन दीपगृहावर नोकरीला. कलाशाळेत कोणी गेलेलं नव्हतं, पण हत्यार रोज हातात आणि बदक रोज डोळ्यांसमोर.

पहिल्या कामाला कॅनव्हासबॅकचा नर घ्यावा. छाती आणि शेपटीकडचा भाग काळा, मधला सगळा भाग पांढरट, डोकं विटकरी तांबूस, चोच काळी, डोळा लाल. चार पट्ट्यांत बदक उभं राहतं, आणि कपाळापासून चोचीच्या टोकापर्यंत एकच सरळ उतार असल्यानं आकृती चुकली तरी ओळख पटते. आपल्याकडे हिवाळ्यात उजनीला, नांदूरमध्यमेश्वरला येणारी लालसरी ही याच कुळातली, रंगसंगतीनं बहिणीसारखी. तेव्हा नमुना पाहायला मेरीलँडला जाण्याची गरज नाही. दुर्बीण घ्या आणि जानेवारीत सकाळी धरणाच्या काठावर बसा. फोटोंपेक्षा हा अभ्यास जास्त कामाला येतो, कारण फोटो सहसा जवळून काढलेला असतो आणि आपल्याला बदक लांबून कसं दिसतं ते हवंय.

लाकूड हलकं, सरळ रेषांचं, पाण्यात कमी फुगणारं हवं. अमेरिकेत अटलांटिक व्हाइट सीडर आणि व्हाइट पाइन ही जुनी लाकडं. लुइझियानात सायप्रस आणि टुपेलोची मुळं. भारतात हे मिळत नाही, आणि मागवण्याचीही गरज नाही. शिवण उत्तम: हलकी, स्थिर, पटाशीखाली शहाण्यासारखी वागते. पांगारा त्याहून हलका. सावंतवाडीची लाकडी फळं आणि खेळणी याच लाकडावर मोठी झाली. पण पांगाऱ्याला हत्यार वस्तऱ्यासारखं धारदार लागतं, नाहीतर रेषे कापले न जाता पिंजतात आणि पृष्ठभागावर लव उभी राहते, जी काचकागदानं कितीही घासली तरी जात नाही. तिसरा पर्याय परदेशी यंत्रांच्या खोक्यांतून येणारा पाइन. मुंबई-पुण्यात तो ढिगानं मिळतो. फक्त खिळे आधी शोधून काढा, आणि रसायन मारलेल्या फळ्या घेऊ नका. सागवान वापरू नये. जड आहे, तेलकट आहे, आणि एवढं चांगलं लाकूड रंगाखाली झाकायचं कशाला?

अंगासाठी दोन फळ्या, प्रत्येकी १४ इंच लांब, साडेसहा इंच रुंद, २ इंच जाड. एकावर एक ठेवून ४ इंचांचा ठोकळा होतो. चार इंची अखंड ओंडकाही चालतो, पण त्यात गाभा असेल तर तो टोकांकडून तडकणारच. जाड लाकूड बाहेरून आधी वाळतं, आकसतं, आणि आतलं ओलं लाकूड त्याला आकसू देत नाही. मग तड जाते, आणि ती नेमकी छातीवर. शिवाय वजनाचा हिशेब आहे. घडवल्यावर या मापाच्या भरीव अंगाचं घनफळ साडेतीन लिटरच्या आसपास उरतं. सीडरचं असलं तरी सव्वा किलो भरतं. पोकळ केलं की निम्म्यावर येतं. शंभर बदकं होडीत घालणाऱ्याला हा फरक साठ किलोंचा पडायचा. आपल्याला एकच करायचंय, तरी पोकळच करावं: ते तडकत नाही.

दोन्ही फळ्या आधी दोन लांब स्क्रूंनी तात्पुरत्या जोडायच्या. स्क्रू खालून घाला आणि त्यांच्या जागा पेन्सिलीनं बाजूवर नोंदवून ठेवा, नाहीतर पटाशीची धार तिथंच जाईल. मग वरून, खालून, पुढून, मागून मध्यरेषा मारायची. ही रेषा म्हणजे या कामातलं दैवत. तासताना ती जाते. गेली की लगेच परत मारायची. मध्यरेषा हरवलेलं बदक दोन तासांत एका अंगाला फुगतं आणि ते चढउतार करत सुधारायला गेलं की बदक लहान लहान होत जातं. आधी बाजूनं दिसणारा आकार बँडसॉवर कापा, निघालेले तुकडे चिकटपट्टीनं परत जागेवर लावा, आणि मग वरून दिसणारा आकार कापा. तुकडे परत लावले नाहीत तर वरची रेषा कशावर काढणार?

यानंतर वाकस (आडव्या पात्याची तासणी), दोन मुठींची अंगाकडे ओढायची सुरी आणि मरफा (जाड दातांची कानस). क्रम असा: चारी कडा पंचेचाळीस अंशांत उडवायच्या, म्हणजे आठ पैलू होतात, मग त्या पैलूंच्या कडा, म्हणजे सोळा, मग गोलाई. एक बाजू पूर्ण करून दुसरीकडे वळायचं नाही. इकडे चार हात मारले की तिकडे चार. सुरी नेहमी उंचवट्याकडून उताराकडे, म्हणजे पाठीच्या मध्यापासून छातीकडे आणि मध्यापासून शेपटीकडे. उलटी चालवली की ती लाकडाच्या रेषेत शिरते आणि चिपेऐवजी चांगला बोटभर तुकडा उचलते. नवख्यांची ठरलेली चूक म्हणजे कुशी सपाट राहणं. वरून बघितलं तर आकार बरोबर, पुढून बघितलं तर पावाचा तुकडा. बदकाचा आडवा छेद अंड्यासारखा हवा: तळापासून साधारण एक तृतीयांश उंचीवर सगळ्यात रुंद, आणि तिथून खालीही आत वळलेला. हा खालचा वळ द्यायचा राहिला की पाण्यावर बदकाऐवजी होडी दिसते.

बाहेरचा आकार झाला की स्क्रू काढून दोन्ही अर्धुकं आतून कोरायची. भिंत ६ सूत, म्हणजे पाऊण इंच ठेवा. मान जिथं बसणार तिथं आणि शेपटीकडे एक इंच. मानेखाली भरीव खांब ठेवायला विसरलात तर खुंटीला धरायला लाकूडच उरत नाही. मोठ्या ड्रिलनं भोकं पाडून मग गोल पटाशीनं साफ करणं सोपं, पण ड्रिलच्या पात्याला चिकटपट्टीची खूण बांधून खोली मर्यादित करा. शेपटीकडे पाठ उतरती असते, आणि वरून सगळं ठीक वाटत असताना ड्रिल आरपार निघतं. जोडायला पाण्यात टिकणारा इपॉक्सी. साधा पांढरा सरस पहिल्या पावसातच सोडतो. शिकंजा गोल अंगावर घसरतो. त्याऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून ताणून गुंडाळली की सगळीकडे सारखा दाब येतो.

डोक्याला वेगळा तुकडा, ६ इंच लांब, ४ इंच उंच, सव्वादोन इंच जाड. रेषा चोचीच्या दिशेनं धावली पाहिजे, मानेच्या दिशेनं नाही. उभ्या रेषेच्या लाकडातून काढलेली चोच पहिल्यांदा पडली की मोडते. तुकडा चौकोनी असतानाच डोळ्यांच्या जागी बारीक ड्रिल आरपार काढा, शक्य तर ड्रिल प्रेसवर. दोन्ही डोळे आपोआप समोरासमोर येतात. डोकं गोल झाल्यावर डोळे मोजायला गेलं की एक कपाळावर आणि दुसरा गालावर, असं हसं होतं. डोळ्याच्या वर डोकं अरुंद, गालाजवळ सगळ्यात रुंद: वर सव्वा इंच, गालाला सव्वादोन. हा फरक ठेवला नाही तर डोकं काडेपेटीसारखं दिसतं. चोचीच्या मुळाशी गालाला हलकासा खड्डा द्या. त्या सावलीनं लांबूनही चोच आणि गाल वेगळे दिसतात. नाकपुड्या आणि चोचीची कड कोरायची तर दोन रेघांत आटपा.

डोकं अर्ध्या इंची लाकडी खुंटी आणि इपॉक्सीनं बसवायचं, पण चिकटवण्याआधी ते फिरवून बघा. सरळ पुढं बघणारं बदक शाळेतल्या हजेरीला उभं असल्यासारखं वाटतं. पंधरा अंश बाजूला वळवलं की त्यात जीव येतो. जुने लोक मानेतून तिरपे खिळे मारत. ते गंजत, फुगत, आणि मानेभोवती रंगाला कडं पडे. जुन्या बदकांच्या मानेवर पुट्टीचे थर दिसतात ते म्हणूनच.

काचकागद ८० नंबरवर थांबवा. पुढं जाऊ नका. मरफ्याचे हलके ओरखडे राहिले तर उत्तम: रंग धरतो आणि ऊन परावर्तित न होता विखुरतं. लाकूड गुळगुळीत करायची सवय लागलेल्या हाताला हे सगळ्यात अवघड जातं.

मग घंगाळ किंवा बालदी नाही, तर रुंद टब. तळाला १० इंच लांब, एक इंच रुंद, ६ सूत उंच पट्टी पितळी स्क्रूंनी लावा, हा कणा. त्याखाली रबरबँडनं शिशाची पट्टी बांधून बदक पाण्यात ठेवा. दोनशे ग्रॅमच्या आसपास वजन बहुधा पुरतं. नाक खाली गेलं तर वजन मागं, शेपटी बुडली तर पुढं, एका अंगाला कललं तर बाजूला सूतभर. कॅनव्हासबॅक बुडी मारणारं बदक आहे. ते पाण्यात जरा खोल आणि शेपटी पाण्यालगत ठेवून बसतं. तलवार बदकासारखी शेपटी वर उचलून तरंगू लागलं तर वजन कमी आहे. शेवटची परीक्षा: बदक उलटं करून पाण्यात टाकायचं. क्षणभरात ते सरळ झालं पाहिजे. झालं नाही तर दोनपैकी एक कारण, मान फार उंच आणि जड, किंवा वजन कण्याच्या आत वर बसवलंय. जागा सापडली की खूण करून मग कायमचं ठोका. शिसं घरी वितळवून ओतण्याचा मोह टाळा. ते ३२७ अंशांना वितळतं, आणि साच्यात एक थेंब ओल असली तर वाफेनं उकळतं शिसं तोंडावर उडतं. मासेमारीच्या दुकानातली तयार वजनं पुरेशी आहेत.

दोरीची कडी कण्याच्या पुढच्या टोकाला, छातीच्या टोकापासून दीड-दोन इंच मागं. अगदी टोकाला लावली तर वाऱ्यात दोरी ताणली जाते आणि बदक नाक घासत राहतं. मागं लावली तर ते आडवं फिरतं. शोकेसमध्येच बसणार असलं तरी कडी लावा. कडी नसलेलं बदक अर्धवट वाटतं, का ते सांगता येत नाही.

रंगाच्या आधी गाठींवर लाखेच्या पॉलिशचे दोन हात, नाहीतर पाइनची राळ सहा महिन्यांनी पांढऱ्या रंगातून पिवळे डाग होऊन वर येते. मग पातळ अस्तर. जुने कारागीर कोरडी रंगपूड जवसाच्या तेलात कालवत आणि तेलाची चमक मारायला टर्पेंटाइन भरपूर घालत. आज मॅट ॲक्रिलिक चालतं. पांढरा कधीही ट्यूबमधून तसाच लावू नये; चिमूटभर कच्चा उंबर (रॉ अंबर, मातकट तपकिरी रंग) मिसळला की तो ऊन-पाऊस पाहिलेला वाटतो. काळ्यात भाजका उंबर. डोक्याला भाजका सिएना (बर्न्ट सिएना, तांबूस तपकिरी), चोचीकडे जाताना काळपट होत जाणारा. काळी छाती आणि पांढरी कूस यांची सीमा सुरीनं कापल्यासारखी नको. ब्रश जवळजवळ कोरडा करून अर्ध्या इंचाच्या पट्ट्यात ठोकत जायचं. पाठीवर राखाडीच्या चार बारीक लाटा ओढल्या तरी पुरे. डेट्रॉइटच्या मेसन कारखान्यात, १८९६ ते १९२४, अंगं यंत्रावर कापली जात, पण रंग हातानंच. त्या रंगाऱ्यांचे ब्रशचे वळसे आज संग्राहक भिंगातून बघतात. महाग मालाला काचेचे डोळे, मधल्याला पितळी खिळ्याचे, स्वस्ताला नुसते रंगवलेले. बदकं सगळ्यांवर सारखीच उतरायची.

जुनाट दिसणारं काम हवं असेल तर पुन्हा कारणाकडे जायचं. झीज सगळीकडे सारखी होत नाही. चोचीचं टोक, टाळू, शेपटीची कड, पाठीचा कणा, खालच्या बाजूच्या कडा: जिथं दुसरं बदक आपटतं तिथला रंग जातो. मानेच्या खाचेतला आणि गालाच्या खड्ड्यातला टिकतो. बाजारातली खोटी जुनी बदकं इथंच पकडली जातात, कारण करणाऱ्यानं काचकागद सगळ्या अंगावरून सारखा फिरवलेला असतो. सोपी रीत अशी: तळाचा तपकिरी थर वाळला की ठरलेल्या कडांवर मेणबत्ती घासा, वरचा रंग लावा, वाळल्यावर नखानं किंवा बोथट सुरीनं खरवडा. मेणावरचा रंग सहज सुटतो. तडे हवे असतील तर दोन थरांमध्ये जनावराच्या कातडीपासूनचा पातळ सरस द्या, तो बोटाला चिकटेल इतपत ओला असतानाच वरचा ॲक्रिलिक एका फटक्यात मारा. सरस जाड तर तडे मोठे. त्याच जागेवरून ब्रश दुसऱ्यांदा फिरवला की तडे मिटतात आणि नुसता चिखल होतो. हा सरस पाण्यात विरघळतो, म्हणून तडेवालं बदक परत टबात घालायचं नाही. शेवटी भाजक्या उंबराचा पातळ हात देऊन फडक्यानं पुसून घ्या, खाचांत राहील तेवढाच ठेवा. खरोखरची जुनी बदकं हाती आली तर त्यांना काचकागद लावू नका. त्या रंगात शिसं असतं, आणि मूळ रंग गेला की किंमतही गेली.

किंमत हा या धंद्यातला सगळ्यात विचित्र भाग. १९१८च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्यानं अमेरिकेत विकण्यासाठी बदकं मारणं संपलं, १९३५ साली सिंकबॉक्सवर आणि जिवंत बदकं आमिष म्हणून वापरण्यावर बंदी आली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकचं बदक आलं. लाकडी ताफे कोठारांत पडून राहिले, कितीतरी चुलीत गेले. जोएल बार्बर नावाच्या न्यूयॉर्कच्या वास्तुविशारदानं मात्र ती लोककला म्हणून गोळा केली आणि १९३४ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. २००७ साली मॅसॅच्युसेट्सच्या एल्मर क्रोवेलच्या दोन बदकांना, चोचीनं पिसं साफ करणारं तलवार बदक आणि झोपलेला कॅनडा हंस, प्रत्येकी ११ लाख डॉलरहून जास्त मिळाले. दोन्ही पक्षी निवांत आहेत, हे सहज बघण्यासारखं आहे. तलवार बदक म्हणजे थंडीत आपल्या धरणांवर येतं तेच.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं, पुढं १९९१च्या दुरुस्तीनंतर, शिकारच बंद केली, तेव्हा बदकं मारण्यासाठी डिकॉयचा प्रश्नच उरला नाही. पण ही युक्ती आता उलट्या कामाला लागली आहे. मेनच्या ईस्टर्न एग रॉक बेटावरून शिकारीनं नाहीसे झालेले पफिन हे समुद्रपक्षी परत आणायला स्टीफन क्रेस यांनी १९७३ पासून पिल्लं नेऊन वाढवली, आणि मोठी झालेली परतावीत म्हणून खडकांवर लाकडी पफिन उभे केले. १९८१ साली तिथं पुन्हा घरटी झाली. न्यूझीलंडच्या माना बेटावर गॅनेट पक्ष्यांसाठी ठेवलेल्या काँक्रीटच्या ऐंशी पुतळ्यांमध्ये एकच खरा गॅनेट, नायजेल, वर्षानुवर्षं राहिला. त्यातल्या एका पुतळीसाठी त्यानं घरटंही बांधलं. तो २०१८ साली गेला. पुतळे साधेच होते, पिवळं डोकं आणि पांढरं अंग.

बदक पूर्ण झालं की तळावर कण्याच्या बाजूला नाव, साल आणि लाकडाची जात तापल्या सळईनं कोरून ठेवा. पूर्वी मालक असंच नाव डागत, कारण वादळात दोरी तुटून ताफे एकमेकांत मिसळायचे. आता कारण वेगळं आहे: पन्नास वर्षांनी मेणानं झिजवलेलं आणि सरसानं तडकवलेलं हे बदक कोणीतरी १८९० चं म्हणून विकायला काढेल. शाईनं लिहू नका, शाई पुसता येते.